चुन्याची तीन बोटं

झालं का पाणी पिऊन? मग पाय आत घ्या आणि गप पडा. आज राक्षस नाही नि परी नाही, आधीच सांगते, मागाहून कुरकुर नको. आजची गोष्ट एका घराची आहे. मधूनमधून 'हूं' म्हणायचं, म्हणजे कोण जागं आहे ते मला कळेल. भीती वाटली तर माझा पदर धरायचा, एकमेकांना चिमटे काढायचे नाहीत.

तर डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, चिंचखोरं नावाचं. गोष्टीत राजाही होता, पण तो कधीच मरून गेला, म्हणून त्याला तूर्त राहू दे. गावात पंचवीस-तीस घरं, मधून एकच गल्ली, गल्लीच्या तोंडाशी मोठी चिंच.

ह्या गावाची एक रीत होती, बरं का. शेजारून भाजीची वाटी आली, तर ती रिकामी परत करायची नाही. काहीतरी घालूनच द्यायची, अगदी गुळाचा खडा का होईना. आपल्यातही आहेच की ती रीत. परवा चकल्यांचा डबा परत करताना मी आत चार लिंबं घातली, पाहिलंत ना? तसंच. त्या काळी वाचता कुणाला येत होतं म्हणून भांड्यावर नावं घालतील! प्रत्येकाची खूण असायची. कुणाचा मासा, कुणाचं फूल, कुणाची नुसती तीन टिंबं. भांडी दिवसभर ह्या घरातून त्या घरात फिरत असायची.

आणि त्या गावात सात घरं बंद होती.

सातही घरांवर चुन्याची तीन तीन बोटं ओढलेली. एक उंबऱ्यावर, एक चौकटीवर, एक दारावर. कुणी विचारलं की लोक म्हणायचे, "ती होय? ती पहिल्यापासून रिकामीच." आता गंमत ऐका. चिंचेजवळच्या बंद घराच्या ओसरीत पाळण्याच्या दोऱ्या अजून लोंबत होत्या. पहिल्यापासून रिकाम्या घरात पाळणा कोण टांगेल? पण हे कुणाच्या डोक्यातच येत नसे. नजर तिथं गेली की घसरायची.

ह्या गावात येसू राहायची. ती टोपल्या विणायची. सुपं, रोवळ्या, दुरड्या. तिचा नवरा राणू बेटातून बांबू तोडून आणायचा, ती त्याच्या कामट्या काढून विणायची. एक लेक, छबी, चार वर्षांची. तोंडाला क्षणभर विसावा नाही, तुमच्यासारखीच. घर म्हणजे एक खोली नि पुढं ओसरी, पण सारवलेलं असं, की सांडलेला भात वेचून खावा.

एकदा काय झालं, राणू बांबू तोडताना घसरला नि दरडीवरून खाली कोसळला. कंबर धरून बसला. उठता येईना, की कुशीवर वळता येईना. बांबू बंद झाले, टोपल्या बंद झाल्या, चूल एक वेळेवर आली.

गल्लीत कळलं. बांगड्या भरणारी तान्हाबाई पिठल्याची वाटी घेऊन आली. समोरच्या तेलघाण्याची सगुणा ताकाचा गडू घेऊन आली. कोपऱ्यावरची म्हातारी बयाबाई डोळ्यांनी अधू. तीही सुनेचा हात धरून आली, ताटलीत चार भाकऱ्या घेऊन. तिघी म्हणाल्या, "लागलं तर हाक मार गं."

मग येसूने भांडी घासली, फळीवर ठेवली. आता परत द्यायची, तर आत घालायचं काय? डबे सगळे खडखडीत. गूळ नाही, मीठ नाही, परसात मिरचीसुद्धा नाही. रिकामी वाटी कुणाच्या हातात कशी द्यायची? येसू म्हणाली, उद्या देऊ.

उद्याचा परवा झाला, परवाचे पंधरा दिवस झाले. सगुणा समोर दिसली की येसू आत सरकायची. तान्हाबाईच्या बांगड्या वाजल्या की दार लोटून घ्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावायची. अगं, पण मूठ झाकून पोराचं पोट भरतं का?

आणि शेजारणींना काय दिसलं? "वाटी ठेवून घेतली नि वर माझ्याच तोंडावर दार लावते! एवढा कसला ताठा!" तान्हाबाई फणकारली. सगुणाने मान उडवली. बयाबाईला तर कुणी आणून सोडल्याशिवाय येताच येईना. झालं. येसूच्या दारात कुणी हाक मारेना. चार दिवस गेले, आठ गेले.

आणि जिथं हाक थांबते, तिथं तो येतो.

हूं म्हणा की! का दातखीळ बसली?

भर दुपारची वेळ. सावल्या पायाखाली आल्या होत्या. कावळा ओरडत नव्हता, चिंचेचं पान हलत नव्हतं. येसू ओसरीत बसली होती. तिने वर पाहिलं, तर अंगणात एक उंच माणूस. पांढरा अंगरखा, एका हातात चुन्याची वाटी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो चालला तरी किल्ल्या वाजल्या नाहीत. पायाखालची धूळसुद्धा उडाली नाही.

"ह्या घरात कोण राहतं?" त्याने विचारलं. आवाज कसा, तर रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा. पण बोलणं अगदी अदबीचं हं.

"आम्ही राहतो की!" येसू म्हणाली. "मी, माझे मालक नि ही पोर."

"घरातल्यांनी सांगून चालत नाही, बाई. शेजाऱ्यांनी सांगावं लागतं." मग तो गल्लीकडं वळला नि त्याने परत विचारलं, "ह्या घरात कोण राहतं?" सगळी दारं उन्हाची लोटलेली. कुणी उत्तर दिलं नाही. त्याने चुन्यात बोट बुडवलं, उंबऱ्यावर एक रेघ ओढली. "उद्या परत येतो, बाई. त्रासाबद्दल माफी असावी."

आता हा कोण? सांगते. तो जो मेलेला राजा होता ना, त्याने एकदा हुकूम काढला होता, की रिकामं घर राजाचं. तीन दुपारी विचारायचं, तिन्ही दुपारी शेजारून उत्तर आलं नाही, तर किल्ली लावायची. त्या कामाला त्याने हा मोजणीदार ठेवला. मग राजा मेला, त्याचा मुलगा मेला, नातू मेला, राज्यसुद्धा राहिलं नाही. पण मोजणीदाराला 'बस झालं, आता घरी ये' असं सांगायचं सगळे विसरले. म्हणून तो चालतोच आहे.

येसूने उंबऱ्यावरची रेघ पाण्याने घासली, राखेने घासली. जाईना. संध्याकाळी छबी अंगणात खेळून आली. येसूने अंगण पाहिलं. पोर तासभर नाचली होती, पण धुळीत एक पाऊल उठलं नव्हतं.

दुसऱ्या दुपारी येसू तयारीत राहिली. मोजणीदार आला नि तिने समोर धाव घेतली. "सगुणाताई! ओ सगुणाताई! बाहेर या हो! ह्यांना सांगा, मी इथं राहते म्हणून!"

सगुणा बाहेर आली. पदराने घाम पुसला. येसूकडं पाहिलं, पण बघणं कसं, तर आरपार. मोजणीदाराने विचारलं, "समोरच्या घरात कोण राहतं?"

"ते होय?" सगुणा म्हणाली. "ते पहिल्यापासून रिकामंच." आणि आत गेली.

चुन्याचं दुसरं बोट चौकटीवर ओढलं गेलं.

मग घरच त्यांना विसरायला लागलं, बाळांनो. चूल पेटेना. फुंकून फुंकून येसूचे डोळे लाल झाले. छबीच्या गोधडीवर बघता बघता कोळिष्टकं धरली. राणूने हाक मारली, तर आवाज त्याच्या ओठांपाशीच राहिला. छबी घराच्या मधोमध उभी राहून विचारायला लागली, "आई, आपलं घर कुठंय? आपण घरी कधी जायचं?"

येसू पाणी आणायला विहिरीवर गेली. तिथून वेशीबाहेरचा रस्ता दिसायचा. आज त्या रस्त्यावर माणसं चालत होती. डोक्यावर गाठोडी, हाताशी पोरं. कुणी बोलत नव्हतं. त्यांना कुठं थांबावं असं दारच दिसत नव्हतं, म्हणून चालत होती. शेवटची एक बाई, कडेवर तान्हं मूल. ती थांबली. वळली. येसूला वाटलं, हिला मी ओळखते. कोण बरं ही? त्या बाईने हात वर केला नि हळूच खुणावलं, ये.

येसूची घागर तिथंच राहिली. ती घरी पळत सुटली ती दाराशी येऊनच थांबली. पदर घट्ट धरलास होय गं? धर, धर.

राणू भिंतीला पाठ लावून पडला होता. त्याने सगळं ऐकलं. येसूने कान त्याच्या ओठांशी नेला. मग म्हणाला, "येसू, उद्या आपल्याला जायचंच असेल तर जाऊ. पण लोकांची भांडी घेऊन जायचं नाही. सकाळी परत देऊन ये."

"रिकामी देऊ?" येसूला रडू फुटलं. "मला जमणार नाही. त्यापेक्षा रस्त्यावर चालेन."

"चोर म्हणवून घेण्यापेक्षा गरीब म्हणवून घेतलेलं बरं," राणू म्हणाला. "आता लपवायला आपल्याकडं उरलंय तरी काय?"

तिसऱ्या दिवशी सूर्य बराच वर येईपर्यंत येसूचा पायच उचलेना. शेवटी तिने छबीला कडेवर घेतलं, भांडी पदराखाली धरली नि तान्हाबाईच्या दारात उभी राहिली. कशीबशी म्हणाली, "तान्हाबाई, वाटी आणली. रिकामी आहे. आत घालायला घरात काही नव्हतं."

तान्हाबाई कपाळाला आठ्या घालून बघत राहिली. "कोण गं तू? कुठल्या गावची?"

येसूने वाटी पुढं केली. तान्हाबाईने ती हातात घेतली, उलटी केली. बुडाला मासा. "अगंबाई, ही तर माझी! ही तुझ्याकडं कशी? मी ह्यात पिठलं घालून दिलं होतं. कुणाला बरं दिलं? दिवस पावसाचा होता... कुणीतरी दरडीवरून पडलं होतं..." तिने वाटीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. आणि एकदम ओरडली, "येसू! अगं, राणूची येसू!"

आणि दुसऱ्या क्षणी काय बरसली म्हणता! "घालायला काही नव्हतं म्हणून दार लावत होतीस? शहाणी आहेस! मी मेले इथं रोज तुला शिव्या घालत होते, ताठ्याची म्हणून! पोरीचं तोंड बघ केवढंसं झालंय! तोंड नव्हतं तुला सांगायला?" बोलता बोलता डोळ्यांना धार लागली. छबीला तिने ओढूनच घेतलं नि तिच्या हातात भाकरी दिली.

येसू म्हणाली, "वेळ नाही हो, तान्हाबाई. दुपार व्हायला आली. तो येईल."

दोघी धावल्या. सगुणाने येसूला ओळखलं नाही, तान्हाबाईचंही ऐकेना. "कोण येसू? उन्हात चक्कर आली का तुम्हाला?" तान्हाबाईने तिच्या हातात गडू कोंबला. गडूच्या गळ्याशी चाफ्याचं फूल. सगुणाने फुलाकडं पाहिलं, समोरच्या घराकडं पाहिलं, नि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "देवा रे," ती हळूच म्हणाली, "काल मी काय बोलले." ती तशीच अनवाणी निघाली.

राहिली बयाबाई. तिला धरून आणेपर्यंत सावल्या पायाखाली आल्या होत्या. नि येसूच्या अंगणात तो उभा होता. बोट चुन्यात बुडवलेलं.

"ह्या घरात कोण राहतं?"

"येसू राहते!" तान्हाबाई ओरडली. "राणूची येसू. सुपं विणते. माझ्या घरातलं सूप तिचंच आहे!"

मोजणीदाराने मान हलवली. "एक झालं. ह्या घरात कोण राहतं?"

"येसू राहते," सगुणा म्हणाली. "काल मी खोटं बोलले. माझी जीभ झडो."

"दोन झाली. दोन बोटं ओढलेली आहेत, ती दोन उत्तरांनी पुसली. तिसरं उत्तर राहिलं." आणि तो म्हाताऱ्या बयाबाईकडं वळला. "ह्या घरात कोण राहतं, बाई?"

बयाबाईच्या हातात ताटली होती. ती तीन टिंबं चाचपत होती. ओठ हलत होते, आत्ताच ऐकलेलं नावही येईना. म्हातारं माणूस ते, विसरायला तिला चुना कशाला हवा! तान्हाबाई कानात सांगायला वाकली, तर मोजणीदार म्हणाला, "सांगितलेलं चालत नाही." त्याचं बोट दाराशी गेलं. येसूने छबीला पोटाशी धरलं. लांब रस्त्यावरची माणसं चालायची थांबली होती नि सगळी इकडंच बघत होती.

"नाव नाही आठवत, बाबा," बयाबाई म्हणाली.

बोट दाराला टेकणार.

"पण थांब जरा! ही ताटली माझी. ह्या घरातून आली. घासूनपुसून आली. रिकाम्या घरात मी भाकरी कशाला देईन? आणि रिकामं घर माझी ताटली घासेल होय? माणूस आहे इथं. नाव मी संध्याकाळी विचारून घेईन. शेजारीण आहे, पळून जाते थोडीच!"

मोजणीदार थांबला. त्याच्या बोटावरचा चुना वाळला नि पापुद्रे होऊन गळून पडला.

"हे उत्तर मला कुणी दिलं नव्हतं," तो म्हणाला. मग त्याने आपल्या कोरड्या बोटाकडं पाहिलं. "आता मी कुणाला जाऊन सांगू?"

"तुला कुणी धाडलं?" बयाबाईने विचारलं.

"राजाने."

"कुठल्या राजाने?"

त्याला आठवेना.

"आणि तुझ्या स्वतःच्या दारात हाक मारणारं आहे का रे कुणी?"

त्याने कमरेचा जुडगा सोडला, उंबऱ्यावर ठेवला. किल्ल्या पहिल्यांदाच वाजल्या. मग तो गल्लीतून चालत गेला, चिंचेखालून गेला, वेशीबाहेर गेला. सगुणाने बोट दाखवलं. धुळीत त्याची पावलं उमटत होती.

छबी अंगणात उडी मारून बघत होती. तिचीही उमटत होती.

मग काय! सगुणाच्या घाण्याचं तेल राणूच्या कंबरेला रोज चोळलं जायला लागलं. तान्हाबाईचा नवरा नि दीर बेटातून बांबू आणून टाकायला लागले. बयाबाई येऊन नुसती बसायची नि गप्पा मारायची, आणि येसूला त्याचाच आधार जास्त वाटायचा. चूल पेटली. महिन्या-दोन महिन्यांनी राणू काठी टेकत उभा राहिला.

पण येसूला ती रस्त्यावरची बाई विसरता येईना. एक दिवस तिने फळीवरची सगळी भांडी काढली. मागं, अगदी कोपऱ्यात, एक वाटी सापडली. बुडाला राघू. कुणाची ही? गावात राघूची खूण कुणाचीच नव्हती.

येसूने तिघींना गोळा केलं. वाटी हातोहात फिरली. तान्हाबाई म्हणाली, "ह्यातून कारळ्याची चटणी यायची." सगुणा म्हणाली, "तिखट असायची. देणारी हसायची फार." बयाबाईने वाटी कानाला लावली, काय ऐकलं कोण जाणे. आणि येसूच्या तोंडून नाव निघालं, "गिरजा."

चौघी चिंचेजवळच्या त्या बंद घरापाशी गेल्या. पाळण्याच्या दोऱ्या वाऱ्यावर हलत होत्या. चौघींनी एका सुरात हाक मारली, "गिरजा! अगं गिरजा, आहेस का घरात?" येसूने मोजणीदाराचा जुडगा सोबत आणला होता, त्यातली एक किल्ली कुलपात आपोआप फिरली. आणि वेशीतून एक बाई येताना दिसली, कडेवर तान्हं मूल. धुळीने माखलेली. ती उंबऱ्यावर बसली नि म्हणाली, "किती चालले गं मी."

सगळी आली नाहीत हं. उगाच खोटं कशाला सांगू? सहा घरं अजून बंद आहेत. गावातल्या बायका फळ्या शोधतात, कुणाच्या घरात अनोळखी खुणेची वाटी सापडली की सगळ्याजणी जमतात.

आणि चिंचखोऱ्यात आता रीत बदलली. वाटी रिकामी परत आली तर कुणी नाक मुरडत नाही. देणारी लाजत नाही नि घेणारी विचारत नाही. ती नुसता पदर खोचते, शेजारच्या दोघींना हाक मारते, नि तिघी मिळून त्या घरी जाऊन बसतात. येसू, राणू, छबी, गिरजा, सगळी सुखाने नांदली. तुम्हीही तशीच नांदा.

झोपा आता. काय रे? आपली कोणती वाटी? हो, ती निळ्या काठाची. शेजारच्या वत्सलाकडं आहे, तीन आठवडे झाले. मी रागावून बसले होते खरी. तिचं दारही हल्ली लोटलेलंच असतं.

उद्या उठलात की दात घासायच्या आधी तिच्या दारात जायचं नि मोठ्याने हाक मारायची, "वत्सलामावशी, आहेस का घरात?" वाटी मागायची नाही. मी मागून येतेच आहे. झोपा.